सात दारांची कटावणी

मी एक जुनी कटावणी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखीला कधी पाहिलेही नसेल, म्हणून आधी माझे रूप सांगते. हातभर लांब लोखंडी दांडी. एक टोक चपटे, फटीत शिरणारे. दुसरे टोक वाकवलेले आणि मधोमध चिरलेले, खिळ्याचे डोके धरून ओढण्यासाठी. त्या टोकाचा एक दात आता मोडला आहे. कमरेला लाल चिकटपट्टीचे तीन वेढे आहेत आणि गळ्यात सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर खटल्याचा नंबर. मी पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत राहते. माझ्या एका बाजूला चोरीचा मिक्सर आहे, दुसऱ्या बाजूला एक सायकल, आणि दोघेही दिवसभर आपण कसे निर्दोष आहोत हेच सांगत असतात. मी तसे काही सांगणार नाही.

माझा जन्मच मार खाऊन झाला. मोडीत निघालेल्या ट्रकच्या पाट्याचा तुकडा लोहाराने भट्टीत घातला, लालबुंद झाल्यावर सांडशीने ऐरणीवर धरला आणि त्याच्या बायकोने दोन्ही हातांनी घण उचलून माझ्यावर घातला. पुन्हा घातला. पुन्हा घातला. शेवटी पाण्यात बुचकळले तेव्हा मी अशी फुत्कारले की दोघेही मागे सरकले.

"पाणी जरा कडकच बसलं," लोहार म्हणाला. "ही मोडेल, पण वाकायची नाही."

"मग घेणारा बघून दे," त्याची बायको म्हणाली.

लोहाराने घेणारा वगैरे काही बघितला नाही. अवजारांच्या दुकानदाराने आम्हा दहाजणींना गोणपाटात बांधून नेले. त्यातली मी एका फिटरच्या हाती लागले. नळ जोडणे, गळती काढणे, तुंबलेले पाइप मोकळे करणे हा त्याचा धंदा. तिशीतला, बोटांना कायम गंज लागलेला, आणि डोक्यात एकच वेड: लोकांच्या घरात नळ बसवून म्हातारे व्हायचे नाही, स्वतःची घरे घ्यायची, ती भाड्याने द्यायची. त्याची बायको लाँड्रीत इस्त्री करायची. तिला सगळे वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणते.

त्यांचे पहिले घर बघून शेजारी हसले होते. रस्ता चांगला होता, घरे नीटनेटकी होती आणि हे एकच तोंडातला किडका दात असावा तसे उभे होते. दुमजली. खालचे दार जळालेले, वरची जमीन कुजलेली, भिंतीत उंदरांची बिळे.

"चांगल्या रस्त्यावरचं सगळ्यात वाईट घर आहे," फिटर वहिनींना म्हणाला. "म्हणून आपल्याला परवडतं. आणि सुधारलं की हेच चांगल्या भाड्याला चढतं."

ते महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते, हे मी उघड सांगते. मी कुजक्या फळ्या उखडल्या. गंजलेल्या खिळ्यांना मानेला धरून बाहेर ओढले. फुगलेल्या गिलाव्याच्या पापुद्र्यात शिरून तो ढिगाने खाली पाडला. मोडतोड मला आवडते. त्यात लाजण्यासारखे काय आहे? फिटर रोज संध्याकाळी मला तेलाच्या फडक्याने पुसायचा. कमरेचे लाल वेढे त्यानेच घातले, हात घसरू नये म्हणून.

त्याचा एक नियम होता. घर दुरुस्त झाले की भाडेकरू शोधण्याआधी दोघांनी तिथे आठ दिवस राहायचे. अंघोळ तिथे, स्वयंपाक तिथे, भांडणही तिथेच. आठ दिवसांत घर आपली सगळी दुखणी सांगते, असे तो म्हणे. ते खरे होते. दुसऱ्या घरात तिसऱ्या दिवशी कळले, की वरच्या मजल्यावर कुणी अंघोळ केली की खालच्या दिव्याच्या बटणातून पाणी येते. तिसऱ्या घरात जिन्याचा कठडा पाचव्या दिवशी वहिनींच्या हातात आला आणि त्या चार पायऱ्या गडगडल्या. गुडघा फुटला. तशाच बसून त्या हसत म्हणाल्या, "बरं झालं, मी पडले. भाडेकरणीचं पोर पडलं असतं तर?"

पण मी पहिल्या घराकडे परत येते, कारण सगळे तिथेच घडायचे होते.

तिथली पहिली भाडेकरीण म्हणजे मावशी. ट्रकच्या आणि गाड्यांच्या सीटची कव्हरे शिवणारी बाई, फिटरपेक्षा दहा वर्षांनी मोठी, मनगटे एखाद्या मल्लासारखी. तिला खालचीच खोली हवी होती, कारण तिचे शिलाई यंत्र ओतीव लोखंडाचे होते आणि ते जिन्यावरून चढवायला चार माणसे लागली असती. ती आली तेव्हा आठ दिवस राहून झाले होते, पण जळालेले दार काढलेल्या त्या खोलीला अजून नवे दार नव्हते.

"दार बसवा, मी उद्या सामान आणते," ती म्हणाली.

फिटरने जुन्या बाजारातून जाड सागवानी दार आणले. मावशीने ते पाठीवर तोलून धरले, फिटरने मला दाराखाली सरकवून पायाने माझे शेपूट दाबले आणि दार बरोबर बिजागऱ्यांच्या पातळीला उचलले गेले. चौकट त्याने वीतभर लांबीच्या बोल्टांनी भिंतीत आवळली.

"फिटरभाऊ, ही खोली आहे की तिजोरी?" मावशीने विचारले.

"माझ्या घरात राहणाऱ्याला झोप लागली पाहिजे, मावशी. हे दार काढायचं तर आधी घर पाडावं लागेल."

दोघेही हसले. मीही हसले असते.

एका घराच्या भाड्यातून दुसऱ्या घराचे हप्ते जाऊ लागले. सुधारलेल्या घराची किंमत वाढली, की तेच घर दाखवून बँकेकडून आणखी कर्ज मिळे. असे करत घरे वाढत गेली. त्यात काही वाईट नव्हते. चौथ्या घराच्या वेळी मात्र वहिनींचा धाकटा भाऊ कामाला आला. तालमीत जाऊन दंड फुगवलेला, म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणत.

"दाजी, आठ दिवस घर रिकामं ठेवता म्हणजे काय? तेवढ्यात तिथं कुणीतरी राहायला येतं," तो म्हणाला.

फिटर आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, एवढ्या वेळी राहू दे. त्यानंतर आठ दिवसांचा विषय पुन्हा निघाला नाही. त्याने टेबल घेतले, दोन फोन घेतले आणि मला पहिलवानाच्या हाती दिले. तेलाचे फडके टेबलाच्या खणात पडून राहिले. मला गंज चढू लागला.

पहिलवानाने एक युक्ती काढली. भाडेकरू जुना झाला, भाडे वाढवायला तयार नसला, की त्याला हात लावायचा नाही, शिवी द्यायची नाही, सामान फेकायचे नाही. फक्त दार काढून न्यायचे. विचारले तर सांगायचे, दुरुस्तीला नेले आहे. दार नसलेल्या घरात बाई अंघोळ करू शकत नाही. माणूस कामावर जाऊ शकत नाही, कारण मागे घर उघडे पडते. आठवड्याच्या आत माणसे आपण होऊन निघून जात. आणि तक्रार काय करणार? मालक दुरुस्ती करतो आहे म्हणून?

बिजागऱ्या मी उखडायचे. मित्रांनो, कामात मी पहिल्यापासून वाकबगार होते. फटीत शिरायचे, एक झटका, स्क्रूसकट लाकडाचे तुकडे बाहेर. दारे कार्यालयामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवली जात. एकावर खडूने लिहिलेले पाढे होते. एकावर कुणाच्या तरी मुलीची उंची दरवर्षी पेन्सिलीने आखलेली होती.

तिसरे दार एका चष्मेवाल्याचे होते. किडकिडीत माणूस, घरीच काचा घासायचा. त्याने दार सोडले नाही. दोन्ही हातांनी कड धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आत बायको आजारी आहे हो. महिनाभर थांबा."

पहिलवानाने मला उलटे धरले आणि त्याच्या मनगटावर घातले.

लाकूड मोडते तेव्हा कर्रकन आवाज होतो. मनगटाचा आवाज लहान असतो, पेन्सिल मोडावी एवढा. चष्मेवाला ओरडला नाही. तो खाली बसला आणि लोंबता हात दुसऱ्या हाताने मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत राहिला. पहिलवानाने त्याला लाथेने बाजूला सारले. आतली बाई अंथरुणातून उठून आली ती उंबऱ्यात कोसळली. फिटर जिन्यात उभा होता. त्याने तोंड भिंतीकडे फिरवले होते आणि एका पाइपचा जोड तो बोटाने चाचपत होता. जोड कोरडा होता. मला दिसत होते.

"दार उचला," तो भिंतीकडे बघूनच म्हणाला.

पोलीस आले तेव्हा त्याने सांगितले, "मी काही पाहिलं नाही. मी नळ बघत होतो."

फिटरने मला घरी आणले तेव्हा बातमी आधीच पोचली होती. वहिनींनी मला फडक्याने पुसायला घेतले. माझ्या चिरेत सदऱ्याच्या बाहीचा धागा अडकला होता. त्यांनी तो ओढून काढला आणि नवऱ्यासमोर धरला.

"हात कुणी मोडला?"

"पडला तो."

"आपण आठ-आठ दिवस राहायचो त्या घरांत," वहिनी म्हणाल्या. "आता तुम्हाला तिथं आठ मिनिटं माणसाच्या तोंडाकडे बघून उभं राहवत नाही." मग त्यांनी मला असे भिरकावले, की समोरच्या कपाटाची काच फुटून खाली सांडली. फिटरने काचा गोळा केल्या.

त्यानंतरही चार दारे निघाली.

पहिल्या घरात पहिलवानाने दुकानाचा गाळा काढायचे ठरवले. मावशीच्या खोलीला लागून असलेली मधली भिंत पाडली. पाडली म्हणजे, मी पाडली. वर लोखंडी तुळई घातली गेली. काम झाल्यावर गवंडी हात पुसत म्हणाला, "पहिलवान, एक ध्यानात ठेवा. वरच्या मजल्याचा भार आता या तुळईवर आहे आणि तुळईचं हे टोक मावशीच्या दाराच्या चौकटीवर टेकलंय. चौकट भक्कम आहे म्हणून चाललं. तिला हात लावायचा तर आधी लोखंडी टेकू द्या. मालकांना सांगा."

"सांगतो," पहिलवान म्हणाला, आणि फोनवर बोलत निघून गेला.

मी त्याच्या काखेत होते. मी ऐकले. त्याने सांगितले नाही, आणि फिटर त्या घरात पाऊलही टाकत नव्हता. आठ दिवस सोडा, एक दुपार जरी तो तिथे बसला असता, तरी फिटरच्या डोळ्यांना ती तुळई दिसली असती.

मग एक बारा खोल्यांची इमारत विकायला निघाली. ती घ्यायची तर पहिले घर विकायला हवे होते, आणि गिऱ्हाइकाला ते रिकामे हवे होते. गिऱ्हाईक शनिवारी दुपारी चारला येणार होते. वरचे दोन्ही बिऱ्हाडकरू शेडमधल्या दारांची गोष्ट ऐकून आधीच निघून गेले होते. उरली मावशी. तिला तिथे पंधरा वर्षे झाली होती. रस्त्यावरचा प्रत्येक ड्रायव्हर तिला त्या दाराने ओळखत होता. यंत्र हलवायचे तर कुठे? खालची खोली तिला कुठे परवडणार होती?

शनिवारी बाराच्या उन्हात आम्ही गेलो. पहिलवान, घण घेतलेले दोन मजूर आणि या वेळी स्वतः फिटर. मावशीने यंत्र दाराला आतून लावून ठेवले होते. दार अर्धेच उघडत होते आणि त्या फटीत ती उभी होती, हातात रेक्झिन कापायची मोठी कात्री.

"फिटरभाऊ, दार दुरुस्तीला न्यायला आलात म्हणे. काय बिघडलंय त्याचं? पंधरा वर्षांत कुरकुरलं नाही ते."

फिटर जमिनीकडे बघत म्हणाला, "मावशी, तुम्हाला दुसरीकडे जागा बघून देतो. आज निघा."

"दार मी पाठीवर धरलं होतं, विसरलात?"

"बोलत काय बसलात!" पहिलवान खेकसला. दार पुरते उघडत नव्हते, बिजागऱ्या हाती लागत नव्हत्या, म्हणून त्याने मला चौकट आणि भिंत यांच्या फटीत खुपसले.

बोल्ट जागचे हलले नाहीत. पहिलवानाने अंगाचा भार टाकला, शिव्या दिल्या, माझ्या शेपटावर घण मारायला सांगितला. प्रत्येक घाव माझ्या जन्माच्या वेळचा होता. मावशीने फटीतून कात्री चालवली आणि पहिलवानाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडला. रक्त माझ्या लाल वेढ्यांवर ओघळले. तो पिसाळला. त्याने दाराला लाथ घातली, दार मावशीच्या तोंडावर आदळले, तिचे नाक फुटले. ती पडली नाही. तिने पुन्हा कात्री चालवली. दोन्ही मजुरांनी घण टाकून पळ काढला. कुणीतरी लाँड्रीत निरोप नेला होता. वहिनी धावत येताना दिसल्या, एका हातात अजून कुणाचा तरी शर्ट.

पहिला बोल्ट सुटला. दुसरा सुटला. आणि मला वरून येणारा भार जाणवला. तुळई चौकटीवर किंचित सरकली होती. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला वाकावेसे वाटले. मी वाकले असते तर सगळे थांबले असते. पण लोहाराने पाणी कडक दिले होते. पहिलवानाने ओढले आणि मी सरळच राहिले.

छतातून पिठासारखी धूळ गळली. फिटरने मान वर केली. इतक्या वर्षांनी तो त्या घराकडे बघत होता, आणि त्याला एका क्षणात सगळे कळले.

"थांब! सोड ती! टेकू लावा, टेकू!"

तो पळून बाहेर गेला नाही, हे मी शपथेवर सांगेन. तो पुढे घुसला, त्याने मावशीला धक्का देऊन आतल्या कोपऱ्यात लोटले आणि खांदा तुळईखाली दिला. माणसाच्या खांद्याने काय होणार? चौकट बाहेर आली, तुळई खाली आली आणि तिच्यामागोमाग वरचा मजला, विटा, पाण्याची टाकी, सगळे. पहिलवान उडी मारून रस्त्यावर गेला आणि तसाच पळत सुटला. तो गेला त्या दिशेला रक्ताचे थेंब होते.

धूळ बसली तेव्हा मी विटांवर पडले होते. फिटर पालथा होता, एक पाय घोट्यापासून तुळईखाली. मावशी कोपऱ्यातून रांगत आली. चेहरा रक्ताने आणि चुन्याने माखलेला, ओळखू येत नव्हता. तिने मला उचलले आणि त्याच्या डोक्याशी उभी राहिली. तिने मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलले. फिटरने ते पाहिले. त्याने डोळे मिटले नाहीत.

"मावशी!" वहिनी रस्त्यावरून किंचाळल्या.

मावशीने मला खाली आणले ते त्याच्या पायावर पडलेल्या सिमेंटच्या लादीवर. एक घाव, दोन, तीन. लादी फुटली. मग तिने माझे टोक तुळईखाली सारले, शिलाई यंत्राचा लोखंडी पाय माझ्याखाली टेकू म्हणून घेतला आणि छाती माझ्यावर टाकली.

"वहिनी, ओढा! तो ओरडेल, ओरडू दे, तुम्ही ओढा!"

तुळई बोटभर उचलली गेली. माझा दात त्याच वेळी मोडला. वहिनींनी नवऱ्याला काखेत धरून ओढले आणि तो असा ओरडला की रस्ता थांबला. पाऊल मात्र वाचले नाही.

शेडमधली सात दारे वहिनींनीच पोलिसांना दाखवली. पहिलवान तिसऱ्या दिवशी सापडला. मला हा पुठ्ठा मिळाला.

न्यायालयात मला टेबलावर ठेवले होते. फिटर कुबड्यांवर आला. वकिलाने त्याला दाराबाहेर पढवले होते: घर जुने होते, ते आपोआप पडले, आणि अशा कटावण्या बाजारात हजार मिळतात, ही तुझी कशावरून? समोरच्या बाकावर मावशी होती, तिचे नाक कायमचे वाकडे झाले होते. तिच्या शेजारी चष्मेवाला, उजवा हात मांडीवर ठेवून. त्या हाताला आता काच धरता येत नाही. पहिलवानही होता आणि दाजींकडे एकटक बघत होता.

"ही ओळखता का?" न्यायाधीशांनी विचारले.

फिटरने मला बघितले. मग भिंतीकडे बघितले. माझा जीव गोळा झाला, कारण त्या भिंतीवरूनही एक पाइप गेलेला होता. पण त्याने मान वळवली आणि चष्मेवाल्याच्या तोंडाकडे बघितले, चांगले बराच वेळ.

"माझी आहे, साहेब," तो म्हणाला. "लाल पट्टी मी गुंडाळलीय. आणि यांचं मनगट मोडलं तेव्हा मी नळ बघत नव्हतो. मी पाहिलं. सगळं पाहिलं."

वकिलाने कपाळाला हात लावला. चष्मेवाल्याने डाव्या हाताने चष्मा काढला आणि पुसत राहिला.

खटला अजून चालू आहे. फिटरलाही शिक्षा होईल, असे हवालदार आपसात बोलतात. बारा खोल्यांची इमारत दुसऱ्या कुणीतरी घेतली. पहिले घर वहिनी पुन्हा बांधून घेत आहेत आणि त्याचे दार तेच राहणार आहे, कारण ढिगाऱ्यातून ते अखंड निघाले. त्यांनी मावशीला परत बोलावले तेव्हा मावशी म्हणाली, "येईन. पण आधी तुम्ही दोघं आठ दिवस राहा."

मित्रांनो, उद्या तुमच्यातला कुणी एक घर घेईल, मग दुसरे घेईल. जरूर घ्या. पण दुसऱ्याला देण्याआधी तिथे राहून बघा, आणि माझ्यासारखीला हातात घ्याल तेव्हा दाराच्या आत कोण आहे ते आधी बघा. मला स्वतःला थांबता येत नाही. ते तुमच्याकडे आहे.

आणि जाता जाता एक काम सांगते. या मुद्देमालाच्या खोलीच्या दाराची खालची बिजागरी सुटत आली आहे. हवालदार रोज दार आपटून जातात, कुणाच्या लक्षात येत नाही. कुणीतरी ती वेळेवर आवळून घ्या.